उतरत्या अंगाची चाके

लहान मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवावेत, हा आपल्याकडचा जुना शहाणपणा. दिवाळीतला सदरा पाडव्याला थोडा ढगळ दिसला तरी कोणी हसत नाही. पुढल्या दिवाळीला तो बरोबर बसेल, अशी सर्वांचीच खात्री असते. मोठ्या माणसांची रीत मात्र नेमकी उलटी. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ कापडाच्या दुकानात कमरेचे माप सांगतो ते आजचे नसते; येत्या सहा महिन्यांत व्यायामाने, मिताहाराने आणि निश्चयाने जी कंबर व्हावयाची आहे, तिचे असते. ह्यांना उतरत्या अंगाचे कपडे म्हणावयास हरकत नाही. ते कपाटात घडी न मोडता पडून राहतात, घरात अधूनमधून त्यांवरून हशा पिकतो आणि प्रकरण तेथेच मिटते.

परंतु ज्या वस्तूवर आपण आपला सगळा भार टाकणार, ती वस्तूही माणूस अशाच मापाने घेऊ लागला तर? मग मामला हसण्यावारी नेण्याजोगा राहत नाही. माणसाने निवड करावी ती कोणासाठी? आज जो आहे त्याच्यासाठी, की उद्या जो होऊ पाहतो त्याच्यासाठी?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो सायकलच्या चाकांच्या निमित्ताने. अलीकडे पुण्यात, मुंबईत, नाशकात पहाटेच्या वेळी शर्यतीच्या सायकली घेऊन बाहेर पडणारी प्रौढ मंडळी बरीच दिसू लागली आहेत. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ त्यांपैकीच. उंची सहा फूट, वजन १०५ किलो, आणि तरुणपणी तालमीत घालवलेल्या वर्षांची साक्ष देणाऱ्या मांड्या. चढावर ते पेडलवर उभे राहिले म्हणजे सायकल कुरकुरू लागते. वर्षभरात मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले, तेव्हा नवी चाके घेण्याचे ठरले आणि सोबत म्हणून मीही दुकानात गेलो.

दुकानातले मिस्त्री वयस्कर होते. चाकाचा आऊट काढता काढता, मान वर न करता त्यांनी विचारले, “वजन किती आपलं?”

“नव्वदच्या आसपास.”

“आसपास म्हणजे अलीकडे की पलीकडे?”

आमचे गृहस्थ हसले. “पलीकडेच. पण कमी करतोय.”

“मग कमी झाल्यावर या, तेव्हा हलकी देतो. आज जे आहे तेवढंच सांगा. मला नाही सांगितलंत तरी चालेल, साहेब. चाकाला कळल्याशिवाय राहणार नाही.”

काउंटरवर दोन जोड्या होत्या. एक जोडी अवघी १,४०० ग्रॅमची, पुढे २० आणि मागे २४ स्पोक, दिसावयास मोठी देखणी. दुसरी १,९०० ग्रॅमची, दोन्हीकडे ३२ स्पोक, साधी रुंद रिम. गृहस्थांची नजर पहिलीवरून हलेना. हा मोह मी समजू शकतो. हलकी चाके हलक्या माणसांच्या सायकलींना असतात, आणि ती घेतली की त्या पंक्तीत आपलेही पान मांडले गेले असे वाटते.

मोहाचा निवाडा करण्यापूर्वी चाक भार कसे पेलते ते थोडे पाहिले पाहिजे. बैलगाडीचे चाक समजावयास सोपे. त्याचे लाकडी आरे खांबासारखे असतात. जो आरा खाली येतो त्याच्यावर तुंबा उभा राहतो. सायकलचा स्पोक म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. तार ओढता येते, तिच्यावर उभे राहता येत नाही. ताणलेल्या तारांचे चाक ही कल्पना इंग्लंडमध्ये जॉर्ज केली ह्यांनी १८०८ मध्ये मांडली, आणि तीही उडत्या यंत्रासाठी चाके हलकी हवीत म्हणून. पुढे १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयर ह्यांनी तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली ह्यांनी स्पोक तुंब्यातून सरळ बाहेर न नेता तिरपे, एकमेकांना छेद देत नेले. कारण पायांचा जोर तुंब्याकडून रिमकडे न्यावयाचा तर तारेला तिरपी ओढ हवी. बलवान स्वाराची चाके आजही अशाच छेदांनी विणतात.

आता ह्यातील खरी गंमत. चाक विणताना प्रत्येक स्पोक आधीच ताणून ठेवलेला असतो. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला हा ताण शंभर किलोंच्या वजनाहूनही अधिक असू शकतो. माणूस बसला म्हणजे वरचे स्पोक अधिक ताणले जात असतील, असा आपला समज. वस्तुतः वरच्यांत फारसा फरक पडत नाही. जमिनीलगतचे तीन-चार स्पोक सैल होतात. म्हणजे खालचा स्पोक भार घेतो तो नवे ओझे उचलून नव्हे, तर आधी साठवलेल्या ताणातून थोडा देऊन. जॉब्स्ट ब्रँट ह्यांच्या चाकावरील १९८१ च्या पुस्तकात हे विस्ताराने समजावले आहे. संसार चालवणाऱ्या गृहिणीला मात्र ते सांगावे लागू नये. अडचणीचा दिवस निभावतो तो त्या दिवशीच्या मिळकतीवर नव्हे, डब्यात आधी टाकलेल्या पैशांवर.

स्वार जड असेल तर प्रत्येक फेरीला खालचा स्पोक अधिक देतो. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर, म्हणजे शंभर किलोमीटरांत प्रत्येक स्पोक सत्तेचाळीस हजारांवर वेळा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. शिल्लक पुरेशी नसेल तर तो पार ढिला पडतो, त्याचे निपल हळूहळू उलटे फिरू लागते, चाक आऊट होते. आणि तुंब्याजवळ जेथे स्पोक वाकवलेला असतो, तेथे तो पुनःपुन्हा लवून एके दिवशी तुटतो. आमच्या गृहस्थांना वाटत होते, आपल्या जोराने स्पोक तुटतात. मिस्त्री म्हणाले, “जोरानं नाही, सैलपणानं. आणि बहुतेक डावीकडचे.” ते खरेच होते. मागच्या चाकाला उजवीकडे दात्यांच्या चकत्या असतात, त्यामुळे डावीकडच्या स्पोकना बराच कमी ताण मिळतो. त्यांची शिल्लक आधी संपते.

म्हणून भारी स्वारासाठी उपाय ठरलेले आहेत. स्पोकची संख्या वाढवावी, म्हणजे ओझे अधिक जणांत वाटले जाते. ताण भरपूर आणि सर्वांना सारखा द्यावा. कुशल कारागीर तारा बोटाने छेडून त्यांचा सूर जुळतो की नाही तेही पाहतो. रिम भक्कम असावी. स्पोक दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये बारीक असावेत. मधला भाग किंचित लांबतो, म्हणून तेवढ्याच दबण्याने त्यातला ताण एकदम संपत नाही. आणि टायर रुंद घ्यावा, २८ किंवा ३२ मिलिमीटरचा, म्हणजे खड्ड्याचा मार आधी हवा सोसते. ह्यांत कोठे काही लाजिरवाणे आहे? आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. त्यांच्यावरून दुधाचे कॅन गेले, डबल सीट बसून बायका-मुले सिनेमाला गेली. त्या चाळीस स्पोकांची कोणालाही शरम वाटली नाही.

आणि हलकेपणाने मिळणार तरी काय होते? दोन जोड्यांतील फरक अर्ध्या किलोचा. स्वार आणि सायकल मिळून वजन ११४ किलोंच्या घरात. म्हणजे फरक शेकड्याला अर्ध्याहूनही कमी. तासभर चालणाऱ्या चढात पंधरा-सोळा सेकंद वाचले असते. तेवढा वेळ तर चढावर भेटलेल्या मित्राला नमस्कार करण्यात जातो. शर्यतीच्या जगानेही ह्या हलकेपणाला कुंपण घातले आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमाप्रमाणे २००० सालापासून शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी असून चालत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो मला गंभीर वाटतो. माणसाने आजच्याच मापाने सगळे घ्यावयाचे, तर त्याने सुधारावे कधी? आदर्श असतो तो आपल्याहून मोठाच असतो. शाळेत जाणाऱ्या मुलीला आपण डॉक्टरीणबाई म्हणतो ते खोटे असते काय? उद्याच्या माणसावर विश्वास टाकल्याशिवाय आजचा माणूस हलत नाही.

हे सगळे खरे आहे. परंतु आदर्श आणि आधार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडे पाहून चालावयाचे तो आदर्श. तो दूर असावा, उंच असावा. ज्याच्यावर पाय ठेवावयाचा तो आधार, आणि तो आजच्या पायाला पुरला पाहिजे. दोहोंची अदलाबदल झाली की दोन्ही हातचे जातात. बेताची चाके घेतलेला माणूस दर महिन्याला दुकानात येईल, पाऊस-खड्ड्यांच्या दिवसांत घरी बसेल, आणि ज्या व्यायामाने वजन उतरावयाचे तोच सुटेल. भक्कम चाके घेतलेला रोज निघेल. आणि पुढे वजन उतरलेच, तर ती चाके काही रागावणार नाहीत.

शिवाय ह्या प्रश्नात एक दुसरा माणूस आहे, ज्याचा विचार खरेदी करताना कोणी करीत नाही. ही मंडळी जथ्याने जातात, एकाच्या मागे दुसरा, हात-दीड हाताच्या अंतराने. घाट उतरताना वेग ताशी पन्नास किलोमीटरांवर जातो. त्या वेळी पुढच्याचे चाक बसले, तर पडणारा तो एकटाच नसतो. हलक्या चाकांच्या माहितीपत्रकात वजनाची मर्यादा बारीक अक्षरांत छापलेली असते, कोठे १०० किलो, कोठे १२०. कधी ती एकट्या स्वाराची असते, कधी सायकल-सामानासकट. ते बारीक अक्षर न वाचणे हा स्वतःपुरता भाबडेपणा असेल. मागून येणाऱ्याच्या दृष्टीने ती फसवणूक आहे. आपल्या वजनाविषयी खरे बोलणे ही नम्रता नव्हे, ते दुसऱ्याचे देणे आहे.

आणि जडपणा म्हणजे दोष, हे तरी कोणी ठरवले? उत्तर फ्रान्समध्ये पॅरिस-रूबे नावाची शर्यत होते. सुमारे २६० किलोमीटरांची, आणि त्यांतले पन्नासांहून अधिक किलोमीटर ओबडधोबड दगडी वाटांचे. २००४ साली ती जिंकली स्वीडनच्या मॅग्नस बॅकस्टेडने. त्याचे वजन ९० किलोंहून अधिक. सायकलस्वारांत तो राक्षसच म्हणावयाचा. आल्प्सच्या चढावर जो देह अडचण ठरतो, तोच त्या दगडांवर उपयोगी पडला. परंतु अशा देहाला एक हिशेब द्यावा लागतो, तो त्याच्या बळाचाही. वजन नुसते खाली दाबते. बळ पिळते, आडवे झुकवते, तुंब्याला मुरड घालते. दुर्बळाची चूक वस्तू पुष्कळदा सोसून घेते. बलवानाची सोसत नाही. सत्ता, संपत्ती किंवा नुसता मोठा आवाज असलेल्या माणसांनीही आपल्या हाताखालच्या वस्तूंचा आणि माणसांचा ताण अधूनमधून तपासावा, तो ह्यासाठीच.

आमच्या गृहस्थांनी बराच वेळ दोन्ही जोड्या उचलून पाहिल्या. मग ते मिस्त्रींना म्हणाले, “एकशे पाच.” आवाज नेहमीपेक्षा थोडा खाली होता. मिस्त्रींनी मान हलवली, बत्तीस स्पोकांची जोडी पुढे ओढली आणि चावी घेऊन डावीकडचे स्पोक एकेक करून तपासावयास बसले.