दोन कट्ट्यांचा धनी

सोयाबीनच्या राशी उरकल्या की लातूरच्या आडत बाजारात आणि नांदेडच्या मोंढ्यात मालाचे ढीग लागतात. परंतु ज्या कास्तकारापाशी विकावयास दोनच कट्टे आहेत, त्याला भावाइतकीच निकड असते ती ओलावा मोजणाऱ्या यंत्रावरील आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची, 12 टक्क्यांपुढील ओलाव्यापोटी कपात किती झाली हे समजण्याची, आणि हमाली-तोलाई वजा जाता पट्टीवरील रक्कम त्याच दिवशी हाती पडण्याची. हैदराबाद संस्थानाने 1930 मध्ये आणि महाराष्ट्राने 1963 मध्ये बाजाराचे कायदे केले ते याच दुर्बलाच्या रक्षणार्थ; तथापि निरक्षर म्हातारीला पट्टी वाचून दाखवणारा अडत्या ते रक्षण आपणहून करतो, आणि त्याचा नफा मी सर्वथा न्याय्य मानतो. आज मोंढा उघडेल तेव्हा यंत्राचे तोंड माल आणणाऱ्याकडे वळवावे, एवढीच व्यापारी बंधूंना कळकळीची विनंती.