एका सत्कृत्याची थकबाकी

कुर्ट हॉफमान यांच्या १९६० सालच्या ‘दास श्पूकश्लॉस इम श्पेसार्ट’ या विनोदी भूतपटात महामार्गासाठी जंगलातली एक जुनी सराई पाडली जाते आणि तिच्या भिंतीत चिणलेल्या दरोडेखोरांची भुतं बाहेर पडतात. मोकळी होतात, पण मुक्त नाही. त्यासाठी एक तरी सत्कृत्य हातून घडायला हवं, आणि कर्जात बुडालेल्या गढीची मालकीण शार्लोटे (लिझेलोट्टे पुल्फर) त्यांना आयतीच सापडते. आपल्याकडचं भूत बहुधा मागे राहिलेल्यांच्या पिंडदानाने सुटतं. इथे ते ओझं भुताच्याच माथी. मग स्वतःच्या सुटकेसाठी केलेलं सत्कृत्य खरंच सत्कृत्य ठरतं का?

श्पेसार्टला हा वाद नवा नाही. हे जंगल शतकानुशतकं माइन्झच्या आर्चबिशपांचं होतं, आणि १५१७ साली पापक्षमापत्रांविरुद्धचे ९५ मुद्दे मार्टिन ल्यूथरने धाडले ते माइन्झच्याच आर्चबिशप आल्ब्रेख्टला. पुण्य जमा करून शिक्षा वळती करून घेण्याचा हिशेबच त्याला अमान्य होता. कांटही म्हणेल, कृतीमागे कर्तव्यबुद्धी नसेल तर तिला नैतिक मोल नाही. आक्षेप वजनदार आहे, पण मला वाटतं तो दुखणं भलत्याच जागी शोधतो. गढी वाचलीच, तर वाचवणाऱ्याच्या मनातल्या स्वार्थामुळे तिचं छप्पर गळू लागणार नाही. या भुतांचं दुखणं हेतूत नाही, हातात आहे. हयात दरोड्यात गेली, त्यामुळे त्यांच्या मदतीतूनही धिंगाणाच उभा राहतो. सद्गुण सरावाने अंगी येतो, हे अॅरिस्टॉटलचं म्हणणं इथे हसवत हसवत पटतं.

एका करमणुकीच्या चित्रपटावर एवढा भार कशाला, असं कोणी म्हणेल. पण तो बॉनच्या सरकारची उघड टर उडवतो, आणि त्याचे संगीतकार फ्रीडरिश होलेंडर नाझींमुळे परागंदा होऊन परतलेले. प्रेक्षकांपुढेही थकबाकी होतीच. नाझी अत्याचारांच्या भरपाईपोटी पश्चिम जर्मनीने १९५२ साली इस्राएलला तीन अब्ज मार्क देण्याचा करार केला. अशा भरपाईला जर्मनमध्ये ‘व्हीडरगुटमाखुंग’ म्हणतात, शब्दशः ‘पुन्हा चांगलं करणं’. पैसे पोचले, ते अनेकांच्या उपयोगी पडले. देणाऱ्याचा हेतू तपासून ते परत करावेत, असं मी म्हणणार नाही. हात मात्र पुष्कळदा जुनेच होते. न्युरेंबर्गच्या वंशकायद्यांवर १९३६ साली भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक, हान्स ग्लोब्के, चित्रपट आला तेव्हा चान्सलर आडेनाउअर यांचं कार्यालय सांभाळत होता.