दोष कोणाचा?

दिनांक २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच निघालेल्या २२ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचे सेसना जातीचे लहान विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. गावकरी मदतीस धावले. ती किरकोळ जखमांवर बचावली. पुढे १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडालेले विमान बालाघाट जिल्ह्याच्या अरण्यात पडले. त्यात शिक्षक व विद्यार्थिनी दोघेही गेले.

गोंदिया आमच्या भिलाईच्या रेल्वेमार्गावरच आहे. येथे कॅम्प-१ मध्ये राहणाऱ्या एका गृहिणीचा मुलगा वैमानिक होऊ इच्छितो. त्या बाईंनी मला विचारले, "शास्त्रीबुवा, त्या मुलीच्या आईने स्वतःला काय सांगावे? जा म्हणून तिनेच म्हटले असेल ना?"

शोकाकुल घर नेहमी एकच अपराधी शोधीत असते. आणि बाहेर कोणी सापडला नाही म्हणजे माता-पिता स्वतःलाच पिंजऱ्यात उभे करतात. गीतेचा अठरावा अध्याय मात्र कोणत्याही कर्माची कारणे पाच मोजतो: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी तेथे अशुद्ध म्हटली आहे. 'दैव' या पदाचे भाषांतर 'नशीब' असे करून आम्ही भाषांतरकारांनीच पुष्कळ घोटाळा केला आहे! शांकरभाष्यात दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता होत; प्रकाशावाचून डोळ्याला दिसत नाही, इतका साधा तो अर्थ आहे. वैमानिकाच्या बाबतीत वारा, धुके, प्रकाश हे तेथे येतील.

मग निष्काळजी माणूस सुटला काय? मुळीच नाही. करणे, म्हणजे साधने, हीही कारणांतच मोजली आहेत. उड्डाणापूर्वी ज्याने यंत्र नीट तपासले नाही, त्याला दैवाच्या आड लपता येणार नाही. १९४४ च्या शिकागो करारास १९५१ मध्ये जोडलेल्या तेराव्या परिशिष्टानुसार विमान-अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे एवढाच असतो. दोष वा दायित्व ठरविणे हा नव्हे. दंड देणे हे न्यायालयाचे काम, ते निराळेच राहते. एकच मान हाती लागताच शोध थांबविला, तर उरलेली कारणे तशीच दबा धरून बसतात, हे त्या चौकशी करणाऱ्यांना ठाऊक आहे. घरच्या शोकात आपल्याला ते आठवत नाही.

मी बाईंना म्हटले, "त्या उड्डाणाची कर्ती ती माता नव्हे. तिने अनुज्ञा दिली, ती शिकण्याला, पडण्याला नव्हे."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि माझा मुलगा सुखरूप शिकून परत आला, तर तेही श्रेय माझे नाही?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "नाही," असे मी म्हणालो. परंतु ते म्हणणे मला पहिल्या उत्तराहून जड गेले.

"बरे," त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात त्याची वैद्यकीय तपासणी आहे. मी सोबत जाणार आहे."