कर्जदाराचा हक्क आणि वकिलाची फी



सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एका माणसाने फळे खरेदी केली. त्या मालावर आपत्ती कोसळली आणि तो कर्जात बुडाला. प्रेषितांनी (स.) लोकांना त्याला सदका देण्यास सांगितले. लोकांनी दिला, परंतु सारे कर्ज फिटेल इतकी रक्कम जमली नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) धनकोंना बजावले की, जे मिळाले ते घ्यावे, त्यापलीकडे काही मागू नये. अनेक फकीहांच्या मते याचा अर्थ उरलेले कर्ज बुडाले असा नाही; ऋणकोला ऐपत येईपर्यंत तगादा थांबला.

या हदीसमध्ये दोन कृती आहेत. पहिली दानाची आणि दुसरी न्यायनिवाड्याची. दान अपुरे पडले तेथे न्यायाने त्या माणसाला आधार दिला. आपण पहिली कृती जपली. दुसरीचा मात्र आपल्याला विसर पडला आहे.

सूरह अत्तौबाच्या ६०व्या आयतीत जकातचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत कर्जदार आहेत. रमजानमध्ये आपण शिधा वाटतो, कपडे देतो; पण कर्जदार रांगेत उभा राहत नाही. तो आपले कर्ज बायकामुलांपासूनही लपवतो. न्यायालयाची नोटीस आली तर भीतीने पेटीत ठेवून देतो. तारखेला हजर न राहिल्यास त्याचे म्हणणे न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. वेळेवर एखाद्या वकिलाने तो कागद वाचला असता, तर ही वेळ टळली असती.

कायद्याने कर्जदाराला काही संरक्षण दिले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. कलम ५६ नुसार पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता आले नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी नियमन कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सूरह अल्बकराच्या २८०व्या आयतीत अडचणीतील ऋणकोला सवड देण्याची आज्ञा आहे. ज्याला हे हक्क ठाऊकच नाहीत, तो एका सावकाराचे व्याज भरण्यासाठी दुसऱ्या सावकाराचे दार ठोठावतो आणि व्याजाच्या हराम चक्रात अधिकच रुतत जातो.

विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अपंग व्यक्ती, कोठडीतील माणसे व औद्योगिक कामगार अशा काही गटांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, इतरांना आहे. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. पण उत्पन्नाची मर्यादा थोडक्यात ओलांडणारा छोटा दुकानदार बाहेर राहतो. शिवाय कागदांच्या नकला, प्रवास आणि तारखेला बुडणारी मजुरी यांचा खर्च असतोच. आपला पैसा येथे कामी यावा.

येथे दोन दक्षता आवश्यक आहेत. पहिली शरीअतची. हनफी मतानुसार जकातची रक्कम हक्कदाराच्या मालकीत जावी लागते. म्हणून ती गरजू कर्जदाराच्या हाती द्यावी. त्याने त्यातून कर्ज फेडावे किंवा वकिलाची फी द्यावी. सल्ला केंद्राचे भाडे व पगार यांसाठी नफली सदका किंवा त्या उद्देशाने केलेला वक्फ वापरावा. कोकणातील शाफई बांधवांनी व इतरांनीही आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे.

दुसरी दक्षता नियतीची. वकील हा कर्ज बुडवण्याचे साधन नव्हे. ऐपत असून देणे टाळणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. एका कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढविण्यास त्यांनी नकार दिला होता; अबू कतादा (रजि.) यांनी त्याचे कर्ज स्वतःवर घेतल्यावरच ती पढविली. कर्जाचे ओझे इतके जड आहे, म्हणूनच ते उतरवण्यास हातभार लावणे मोठे पुण्य आहे.

तेव्हा आपल्या मोहल्ल्यात एवढे करा. मस्जिदीच्या कमिटीने एखाद्या विश्वासू वकिलाला आठवड्यातून एक संध्याकाळ बसण्याची विनंती करावी आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. येणाऱ्याचे नाव गुप्त राहावे. आपल्या सदक्यातील काही भाग आपण दरमहा यासाठी बाजूला काढावा. आणि ज्याचे येणे आपल्याकडेच आहे, अशा अडलेल्या माणसाला आजच सवड द्यावी.

हे अल्लाह! कर्जाच्या ओझ्यापासून आम्हाला तुझा आश्रय दे, हलाल उपजीविकेत बरकत दे आणि अडलेल्यांची गाठ सोडवण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.