वहीत न लिहिलेली रात्र

आमच्या कबड्डी मंडळाची वही मी गेली ११ वर्षं लिहितो. कुठल्या गावची स्पर्धा, कुणाशी सामना, चढाईत किती गुण, पकडीत किती, एसटीचं भाडं, जेवणाचा खर्च. यंदाचा हंगाम संपला म्हणून परवा ती घेऊन बसलो. ५५ किलो गटात पोरांनी ढाल आणली आहे. मंडळाच्या भिंतीवर ती आता टांगलेली आहे, आणि ती जिंकली त्या रात्रीच्या पानावर मी एवढंच लिहिलंय : "उपांत्य सामन्यात एक खेळाडू बाहेर. पोटाचा त्रास."

हे खोटं आहे. आदल्या रात्रीपासून वजन होईपर्यंत त्याच्या पोटात काहीच नव्हतं.

आमच्या इस्लामपुरात (आता ईश्वरपूर) दिवाळीनंतर दोन हंगाम बरोबरच लागतात. साखराळ्याच्या कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर रांगेनं जायला लागतात आणि वाळवा तालुक्यातल्या मैदानांवर दिवे चढतात. स्पर्धा बहुतेक वजनी गटाच्या असतात : ३५, ४५, ५५, ६५ किलो. राष्ट्रीय संघटनेच्या नियमात पुरुषांनाही ८५ किलोंची मर्यादा आहेच. किरकोळ अंगाच्या पोराला थोराड पोरांच्या साखळीत चिरडून न घेता खेळता यावं, यासाठी हे गट. थोडक्यात, वजनकाटा पोराच्या रक्षणासाठी ठेवलाय. मी तो पोराच्याच विरुद्ध वापरला.

वहीतला तो खेळाडू १६ वर्षांचा. आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू, उजव्या कोपऱ्याला बोनस मारून परत फिरताना कुणाच्या हाती लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्याचं वजन ५७ किलो भरलं. शनिवारी दुपारी वजनं होती. मी म्हणालो, "दोन किलोचा प्रश्न आहे, बघ तुला जमतंय का." ठरवायचं त्यानं, असं दाखवलं. पण मी सर, तो विद्यार्थी. तो दुसरं काय म्हणणार होता?

रात्री जेवण नाही. पाणी नाही, चूळ भरायची आणि थुंकायची. पहाटे दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून तो पेठ नाक्याच्या रस्त्यानं पळाला, मी मोटारसायकलवर मागे. दुपारी काटा ५४ किलो ९०० ग्रॅमवर थांबला तेव्हा मी त्याची पाठ थोपटली. त्याचे ओठ पांढरे पडलेले मला दिसले होते. दिसलेच नाहीत असं आता म्हणता येणार नाही.

मग केळी, ग्लुकोज, पाणी दिलं; पण वाळलेलं अंग चार तासांत भरून येत नाही. चढाई ३० सेकंदांची असते आणि 'कबड्डी'चा उच्चार एका दमात चालू ठेवावा लागतो. दोन सामने त्यानं काढले. उपांत्य सामन्यात मध्यरेषेकडं परतताना कुणी न धरताच तो खाली बसला. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी दोन सलाईन लावली. मी दवाखान्यातून अर्ध्या तासात मैदानावर परत आलो, कारण अंतिम सामना होता. त्याच्याजवळ एका बारक्या पोराला बसवलं. ते अर्ध्या तासातलं परतणं मला वजनापेक्षाही जास्त टोचतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. आई रोजानं शेतात जाते. ती म्हणाली, "सर, तुमच्यासंगं हाय म्हणून मला घोर न्हवता." खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार. ती त्याच्यावर उखडली, स्टँडवरचे वडापाव खायला कुणी सांगितलं म्हणून. तो खाली मान घालून ऐकत राहिला. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या खोट्याचा मार त्यानं खाल्ला.

दर १५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, कबड्डी दिन साजरा करताना मी पोरांपुढं बोलतो. हुतूतूला लेखी नियम आले त्यात आपल्या शेजारच्या साताऱ्याचा वाटा आहे, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत आपला खेळ पोचला, हे अभिमानानं सांगतो. २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर आली, तेव्हापासून आईबाप स्वतः पोरं आणून सोडतात. हा विश्वास मी कमावलेला नाही. खेळानं मला उसना दिला आहे. ढालीसाठी मी तो खर्चला. आणि ढाल मंडळासाठी हवी होती असंही म्हणवत नाही. सलग चार वर्षं रिकाम्या हातानं परतलो होतो, आणि चौकात लोक मला विचारत होते. मला हवी होती.

काल मी पुन्हा त्या घरी गेलो. त्याच्यासमोरच आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्येला उपाशी ठिवलासा?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पोरगा पुढच्या हंगामात येईल की नाही, हे ती ठरवेल.

वहीतली ती ओळ खोडून खरी लिहिली आहे. पुढच्या वर्षी तो ६५ किलोंत खेळेल. आमच्याकडं आलाच तर. आणि या तालुक्यातल्या आईबापांना माझी विनंती आहे : वजनाच्या आदल्या रात्री तुमचं पोर जेवलं का, पाणी प्यालं का, हे आम्हाला विचारू नका. येऊन स्वतः बघा.