तालीम कुणाची, प्रयोग कुणावर

‘स्टेजिंगचे दिवस संपले, आता थेट प्रॉडक्शनवरच टेस्ट करा’ हे वाक्य सॉफ्टवेअरच्या बैठकांत हल्ली इतक्या ठसक्यात फेकलं जातं, की शंका काढणारा आपोआप जुनाट ठरतो. (स्टेजिंग म्हणजे साइटची चाचणीपुरती प्रत; प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती खरी साइट.) वेबसाइट पर्सनलायझेशनच्या बाबतीत तर या पक्षाला फारच जोर चढतो. प्रत्येकाला वेगळं पान दाखवायचं, कोणतं चालतं ते मोजायचं. मग जिथे ग्राहक फिरकतच नाही, त्या स्टेजिंगवर काय डोंबल कळणार?

युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण ‘टेस्ट’ या एका शब्दात दोन कामं कोंबलेली आहेत. आपल्या नाटकवाल्यांकडे त्यांना दोन शब्द आहेत: तालीम आणि प्रयोग. तालमीत नट, दिवे, पडदा तपासतात. प्रेक्षक हसतो की जांभया देतो, ते प्रयोगातच कळतं. गणपतीची सवलत दाखवल्यावर पुण्याचा ग्राहक खरेदी करेल का, हे स्टेजिंगवर कधीच कळणार नाही, मान्य. पण ‘अ’ आणि ‘ब’ पानांसाठी ग्राहकांचे दोन गट पाडले, तर ‘अ’ गटात पडलेला माणूस उद्याही ‘अ’ गटातच राहतो का, एक क्लिक दोनदा मोजला जातो का, नाव नोंदवलेलं नसेल तर ‘नमस्कार’पुढे नुसती पोकळी दिसते का, हे बघायला खरा ग्राहक कशाला हवा? गट ठरवणं बहुतेक ठिकाणी निव्वळ गणित असतं: पाहुण्याचा ओळखक्रमांक आणि प्रयोगाचं नाव एकत्र करून हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने निघणारा आकडा, काढायचा आणि त्यावरून गट ठरवायचा. हे गणित कुठेही ताडून पाहता येतं. ते ग्राहकाच्या डोक्यावर ताडून पाहण्यात धाडस नाही, आळस आहे.

एका कामावर ‘ब’ पान जिंकतंय म्हणून आम्ही दोन दिवस खुशीत होतो. लॉग उघडले तर जिंकवणारे क्लिक आमच्याच ऑफिसच्या आयपीवरून आलेले. क्लिक कोणत्या खात्यात मोजायचे ते ठरवणारी प्रॉडक्शनची की स्टेजिंगच्या पानात तशीच राहिली होती. बटण चालतं का हे दाबदाबून बघणारी आमची टेस्टर उत्साही ग्राहक म्हणून मोजली गेली. दोन एन्व्हायर्नमेंटना दोन वेगळ्या की दिल्या असत्या, तर भागलं असतं.

 

मात्र तालीम स्टेजिंगवरच आणि प्रयोग प्रॉडक्शनवरच, असा जागेचा हट्ट माझा नाही. ए/ए चाचणीत दोन्ही गटांना एकच पान दाखवतात. तरीही वारंवार लक्षणीय फरक दिसला तर मोजणीत खोट आहे. ही चाचणी प्रॉडक्शनवरच होते, पण आहे तालीम, नाट्यगृहात घेतलेली. उलट ग्राहकांची खरी नावं-पत्ते डेव्हलपमेंटच्या डेटाबेसमध्ये ओतले, की प्रेक्षकालाच न विचारता तालमीत उभं केलं. म्हणजे सर्व्हर कोणता, हा मुद्दा दुय्यम. तपासतोय कुणाला, आपल्या यंत्रणेला की समोरच्या माणसाला? फेसबुकने जानेवारी 2012 मध्ये 6,89,003 जणांच्या न्यूजफीडमधल्या आनंदी-दुःखी पोस्टचं प्रमाण आठवडाभर बदललं. 2014 मध्ये तो शोधनिबंध छापून आल्यावर ओरड झाली, ती काही कोडमधल्या बिघाडाबद्दल नव्हती.

प्रयोग करूच नये, असं मला म्हणायचं नाही. पण तो प्रयोग आहे हे एकदा कबूल केलं, की पुढचे प्रश्न आधीच विचारावे लागतात. सप्टेंबर 2000 मध्ये अॅमेझॉनने एकाच डीव्हीडीची वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळी किंमत लावून पाहिली. कुकी पुसल्यावर किंमत उतरते, हे ग्राहकांच्याच लक्षात आलं आणि बोभाटा झाला. जास्त पैसे भरलेल्याचं काय करायचं, हे तेव्हा कुठे ठरलं: कंपनीने 6,896 ग्राहकांना सरासरी 3.10 डॉलर परत केले आणि पुन्हा अशी चाचणी घेतलीच, तर शेवटी सगळ्यांना सर्वांत कमी किंमतच लावू, असं जाहीर केलं.