आधी चहा, मग माळ

साहेबांनी आधी आम्हाला चहा पाजला, मग आम्ही त्यांच्या गळ्यात किडक्या बोंडांची माळ घातली. २०१७ सालची गोष्ट. गुलाबी बोंडअळीनं अमळनेरकडची आमची कपाशी खाल्ली होती. आमच्या भागातल्या एका आमदाराच्या ओट्यावर आम्ही अकरा जण बसलेलो. फोटोवाला धुळ्याहून यायचा होता, त्याची एसटी चुकली. तासभर आमदार समोर होते, पण पंचनाम्याचा शब्द कुणी काढला नाही. बोलणं झालं असतं, त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं, तर माळेला कारणच उरलं नसतं.

पेपरात फोटो छापून आला. ‘हा शेतकऱ्याचा आक्रोश’ असं मी पुढं वर्षभर सांगत फिरलो.

परवा पुतण्याशी वाजलं. ८ सप्टेंबर २०२३ ला सोलापुरात धनगर आरक्षणासाठी मंत्री राधाकृष्ण विखे पाटलांच्या डोक्यावर भंडारा टाकला गेला, त्यावरून. “आबा, निवेदनांच्या पोचा घेऊन घेऊन फाइल फुगते. आणि भंडारा तर पवित्र!” पवित्र आहेच, मंत्रीही तेच म्हणाले. पण खंडोबापुढं माणूस आपण होऊन कपाळ पुढं करतो. न विचारता डोक्यावर ओतला की त्या भंडाऱ्यात श्रद्धा किती उरते?

हे बोलताना मला विनोबा आठवले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड, हा विनोबांनी लावलेला विकर्माचा अर्थ. कपाशीचं नुकसान खरं होतं, रागही खरा होता. पण माळ घालताना माझं मन कुठं होतं? कॅमेऱ्यात.

“मग गुरुजींचं उपोषण काय, दबावच ना?” पुतण्या म्हणाला.

होता दबाव. १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. पण उपाशी गुरुजी होते, बडवे नव्हते. आणि त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर हिंडून लोकांशी बोलले होते.

आम्ही ओट्यावर समोर बसलेल्या माणसाशी बोललो नाही. चहा मात्र प्यायलो.